चारही डिस्क ठणठणीत, मग फोटो गेले कुठे? नॅसच्या आतली वायर, पोर्ट आणि कंट्रोलर

ज्यांना हेडफोन लावून पूर्ण भाग ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे आजचा भाग लिहून देतोय. बोलताना येणारे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' जरा कमी केलेत, बाकी भाषा तीच.

मागच्या आठवड्यात एक व्हॉइस नोट आली. सांगलीकडचे एक दादा आहेत, लग्नाच्या फोटोग्राफीचा स्टुडिओ चालवतात. कोणाकडून तरी घेतलेला जुना सर्व्हर त्यांनी स्टुडिओत नॅस म्हणून लावला होता. आत ४ डिस्क, आणि त्या जोडलेल्या एका रेड कार्डला. एक दिवस ते कार्डच गेलं. दादांनी चारही डिस्क काढून एकेक करून पीसीला लावल्या. डिस्क फिरतायत, तब्येत चांगली दाखवतायत, पण फोटो एकही नाही. विंडोज म्हणतंय, 'ही डिस्क इनिशियलाइज करा.' त्यांचा प्रश्न होता, 'ओके दाबू का?'

पहिलं उत्तर लगेच देतो, कारण अशा वेळी घाई महागात पडते. नाही. ओके दाबायचं नाही. का नाही, आणि चार चांगल्या डिस्कमधला डेटा दिसत का नाही, हाच आजचा विषय.

आपण नॅस घेताना विचारतो किती टीबी, कुठल्या कंपनीची डिस्क, केवढ्याला. पण डिस्क आणि तुमचा मोबाईल यांच्यामध्ये जे काही बसलेलं असतं, वायर, पोर्ट, कंट्रोलर, नेटवर्क, त्याबद्दल कोणी विचारत नाही. तुमचा डेटा किती वेगाने येणार आणि एखादा पार्ट गेला तर तो परत मिळणार का, हे दोन्ही या मधल्या मंडळींवर अवलंबून आहे.

आधी बेसिक : डेटाचा रस्ता

नॅस म्हणजे नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज. सोप्या भाषेत, घरातल्या वायफायला जोडलेला एक छोटा कॉम्प्युटर, ज्याचं काम एकच : डिस्कवरच्या फायली सगळ्यांना वाटणं. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजचं अनलिमिटेड फुकट स्टोरेज बंद झालं, तेव्हापासून आपल्याकडेही बरेच जण घरच्या नॅसचा विचार करायला लागले.

आता तुम्ही मोबाईलवर एक फोटो उघडलात. तो फोटो येतो कसा? डिस्कवरून साटा वायरीत. वायरीतून कंट्रोलर चिपमध्ये. तिथून पीसीआय एक्सप्रेसच्या लेनवरून प्रोसेसर आणि रॅमकडे. मग पुन्हा एका लेनवरून नेटवर्क चिपकडे. तिथून लॅन केबल, राउटर, वायफाय आणि तुमचा मोबाईल. एवढे सगळे टप्पे.

प्रत्येक टप्प्याला दोन प्रश्न विचारायचे. एक, इथून किती डेटा जाऊ शकतो? दोन, हा पार्ट उद्या जळाला तर माझा डेटा दुसरं कोणी वाचू शकेल का? बस, हे दोन प्रश्न लक्षात राहिले तरी आजचा भाग वसूल.

वेग : अडतंय नक्की कुठे?

आकडे बघण्याआधी एक गोष्ट. नेटवर्कवाले आणि वायरवाले बिटमध्ये बोलतात, आपण फायली बाइटमध्ये मोजतो. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणून '१ गिगाबिट' ऐकून हुरळून जायचं नाही, ते सेकंदाला १२५ एमबी असतं, आणि प्रत्यक्षात हातात साधारण ११० एमबी पडतात.

आता रस्ता मोजू. आजची चांगली ३.५ इंची हार्ड डिस्क मोठी फाइल सलग वाचताना सेकंदाला २०० ते २५० एमबी देते. साटाची तिसरी पिढी, जी २००९ पासून आहे, ती ६ गिगाबिटची. ६ ला ८ ने भागलं तर ७५० यायला हवेत, पण साटामध्ये दर ८ बिटांसाठी वायरीवर १० बिट पाठवावे लागतात, म्हणून कमाल ६०० एमबी. म्हणजे हार्ड डिस्कसाठी साटा वायर भरपूर मोठी आहे. पुढे घरातला लॅन गिगाबिट असेल तर ११० एमबी.

बघा, एकच डिस्क असली तरी ती लॅनपेक्षा दुप्पट वेगवान आहे. त्यामुळे 'माझा नॅस स्लो आहे, एसएसडी टाकू का?' या प्रश्नाचं उत्तर मोठ्या फायली कॉपी करणाऱ्यासाठी बहुतेक वेळा 'आधी नेटवर्क बघ' असंच असतं. हजारो बारीक फायली असतील तर गोष्ट वेगळी. तिथे हार्ड डिस्कचं हेड इकडून तिकडे पळून दमतं आणि एसएसडीचा फरक जाणवतो.

नेटवर्कमध्ये एक गंमत बघा. गिगाबिटला लॅन केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात. १०० मेगाबिटला दोनच जोड्या पुरतात. केबलची एखादी जोडी तुटली किंवा टोकाचा जॅक नीट क्रिंप झाला नसेल, तर कनेक्शन पूर्ण बंद पडत नाही. ते चुपचाप १०० मेगाबिटवर उतरतं. नेट चालू, सिनेमा चालू, कोणाला काही कळत नाही. पण १ टीबी डेटा कॉपी करायला गिगाबिटवर अडीच तास लागतात, तिथे आता २५ तास लागतील. म्हणून नॅसच्या सेटिंगमध्ये जाऊन लिंक स्पीड एकदा बघाच. १०० दिसलं तर केबल बदला, आणि केबल बदलूनही तेच दिसलं तर राउटरचा पोर्टच १००चा आहे का ते तपासा. स्वस्त राउटरमध्ये असे पोर्ट अजूनही असतात.

एकच घाट, दोन हायवे

कधी कधी दोन टप्पे एकच रस्ता वापरत असतात आणि बॉक्सवर ते लिहिलेलं नसतं.

मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर खंडाळ्याच्या घाटात जुना हायवे आणि एक्सप्रेसवे एकत्र येतात. दोन्हीकडची गर्दी एकाच घाटातून. जुन्या रास्पबेरी पायमध्ये नेमकं हेच होतं. लॅनचा पोर्ट वेगळा दिसायचा, यूएसबीचे पोर्ट वेगळे दिसायचे, पण आत दोघांचा डेटा एकाच यूएसबी २.० च्या रस्त्यावरून जायचा, ज्याची कमाल ४८० मेगाबिट. म्हणजे यूएसबी डिस्कवरून डेटा वाचायचा तोही त्याच रस्त्याने आणि लॅनवर पाठवायचा तोही त्याच रस्त्याने. २०१८ च्या ३बी प्लस मॉडेलवर 'गिगाबिट' लिहिलेलं होतं, पण याच कारणाने तो ३०० मेगाबिटच्या आसपासच थांबायचा. २०१९ च्या पाय ४ मध्ये लॅनला वेगळा रस्ता मिळाला आणि यूएसबी ३.० आलं, तेव्हा कुठे तो घरगुती नॅससाठी बरा झाला.

हाच प्रकार जास्तीचे साटा पोर्ट देणाऱ्या कार्डात होतो. समजा तुमच्या मदरबोर्डवर ४ पोर्ट आहेत आणि तुम्हाला अजून ५ डिस्क लावायच्यात. तुम्ही पीसीआय एक्सप्रेसच्या एका लेनवर चालणारं स्वस्त कार्ड आणलंत. दुसऱ्या पिढीची एक लेन कागदावर ५०० एमबी देते. ५ डिस्कमध्ये वाटले तर प्रत्येकीला १००. तिसऱ्या पिढीच्या दोन लेन असतील तर साधारण १९७० एमबी, म्हणजे ५ डिस्कना आरामात पुरतात. एएसएम ११६६ किंवा जेएमबी ५८५ या चिपची कार्डं दोन लेनची असतात. म्हणून कार्ड घेताना पोर्ट किती हे विचारलंत की लगेच चिप कुठली आणि लेन किती हेही विचारा. आणि मदरबोर्डवरचा लांबलचक स्लॉट बघून फसू नका. कधी कधी स्लॉट १६ लेनचा दिसतो, पण आत तारा चारच किंवा एकच लेनच्या असतात. मॅन्युअलमध्ये ते लिहिलेलं असतं.

तुम्ही म्हणाल, लॅन ११० एमबीचा आहे तर डिस्कला १०० मिळाले काय आणि २०० मिळाले काय? रोजच्या वापरात खरंच फरक पडत नाही. फरक पडतो डिस्क गेल्यावर. एक डिस्क मेली आणि तुम्ही नवी लावली की नॅस बाकी सगळ्या डिस्क पूर्ण वाचून नवी डिस्क भरतो. याला रिबिल्ड म्हणतात. ८ टीबीची डिस्क २०० एमबीच्या वेगाने भरायला ११ तास लागतात, १०० च्या वेगाने २२ तास. एका डिस्कचं नुकसान सोसणारी रचना असेल तर तेवढे तास तुम्ही स्टेपनीशिवाय गाडी चालवताय. त्यात दुसरी डिस्क गेली तर खेळ संपला. आणि सगळ्या डिस्क बहुतेक एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेल्या असतात, वयही सारखंच. त्यामुळे अरुंद कार्ड म्हणजे नुसता वेळेचा तोटा नाही, तुमची धोक्याची वेळही तेवढी वाढते.

पोर्ट मल्टिप्लायर हा अजून एक भाऊ. एका साटा पोर्टच्या ५ करतो. सगळ्या ५ डिस्क एकाच वायरीतून श्वास घेणार, आणि एक डिस्क अडकली की मल्टिप्लायर रिसेट होऊन पाचही एकदम गायब होऊ शकतात. ज्यात जीव अडकलाय अशा डेटासाठी हे नकोच.

वायर : सर्वात स्वस्त, सर्वात जास्त त्रास

साटाच्या डेटा वायरीत ७ पिन असतात, पॉवरच्या कनेक्टरमध्ये १५. डेटा वायर जास्तीत जास्त १ मीटर लांब चालते. घेताना मेटल क्लिप असलेली घ्या, कारण कॅबिनेट हलवलं की साधी वायर सैल होते.

वायर खराब आहे की डिस्क, हे ओळखायची एक सोपी युक्ती सांगतो. प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, त्याला स्मार्ट म्हणतात. नॅसच्या स्क्रीनवर ती बघता येते. त्यात १९९ नंबरची ओळ असते, सीआरसी एरर काउंट. डिस्क आणि कंट्रोलर यांच्यात डेटा जाता-येता बिघडला की हा आकडा वाढतो. म्हणजे संशय वायरीवर, कनेक्टरवर किंवा पोर्टवर. उलट ५ नंबरची आणि १९७ नंबरची ओळ, रिअलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टर, वाढत असेल तर डिस्कचा पृष्ठभागच खराब होतोय. वायर बदलली तरी १९९चा आकडा शून्य होत नाही, फक्त वाढायचा थांबतो. त्यामुळे आजचा आकडा कागदावर लिहा आणि आठवड्याने परत बघा. साध्या वायरीपायी चांगली डिस्क भंगारात देणारे लोक कमी नाहीत.

पॉवरच्या वायरीचं वेगळंच. ३.५ इंची डिस्क सुरू होताना काही सेकंद १२ व्होल्टवर २ अँपियरपर्यंत करंट ओढते. साटा पॉवर कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या ३ पिन, प्रत्येकी दीड अँपियर, म्हणजे साडेचार अँपियरची मर्यादा. आता एका कनेक्टरला स्प्लिटर लावून ४ डिस्क जोडल्यात तर सुरू होताना मागणी ८ अँपियरची! कनेक्टर तापतो, वितळतो, कधी पेटतोही. पॉवर सप्लायमधून येणाऱ्या वेगवेगळ्या वायरींवर डिस्क वाटून लावा. आणि जुन्या चार पिनांच्या मोलेक्सवरून साटा करणारे, प्लास्टिक ओतून बंद केलेले ॲडॅप्टर तर हातात घेऊ नका. आतल्या तारा कशा आहेत ते दिसतच नाही.

कंट्रोलर : हुशार की साधा?

आता येऊ दादांच्या कार्डाकडे.

अनेक डिस्क एकत्र करून एक मोठी आणि टिकाऊ डिस्क असल्यासारखं वापरायचं, या पद्धतीला रेड म्हणतात. पोलिसांची रेड नाही हो! १९८८ मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी यावर पेपर लिहिला, तिथून हे नाव रुजलं. रेड ५ मध्ये तुमची फाइल तुकडे करून सगळ्या डिस्कवर पसरलेली असते, आणि सोबत पॅरिटी नावाचा हिशोब ठेवलेला असतो. एक डिस्क गेली तर उरलेल्या डिस्क आणि तो हिशोब यांवरून गेलेला तुकडा परत काढता येतो.

प्रश्न असा, की हा हिशोब कोण ठेवतं? दोन पर्याय आहेत.

पहिला, हार्डवेअर रेड कार्ड. कार्डावर स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची रॅम, बऱ्याचदा बॅटरी. चार डिस्क कार्डाला जोडल्या की ते कॉम्प्युटरला म्हणतं, 'तुझ्यासाठी एकच मोठी डिस्क आहे, आतलं मी बघतो.' तुकडा केवढा, कुठल्या क्रमाने, पॅरिटी कुठे, हे सगळं कार्ड त्याच्या कंपनीच्या पद्धतीने लिहितं. हिशोबाची वही डिस्कवरच असते, पण मोडी लिपीत लिहिल्यासारखी. दादांच्या डिस्क चांगल्या होत्या, ती लिपी वाचणारं कार्ड गेलं होतं. पीसीला त्यात काही अर्थ लागला नाही, म्हणून विंडोजला डिस्क कोरी वाटली. इनिशियलाइजचं ओके दाबलं असतं, तर विंडोजने डिस्कवर स्वतःचं पार्टिशन टेबल लिहिलं असतं आणि सोडवण्यासारखं कोडं अजून अवघड झालं असतं.

दुसरा पर्याय, सॉफ्टवेअर रेड. इथे कंट्रोलर फक्त पोस्टमन. डिस्क जशी आहे तशी ऑपरेटिंग सिस्टिमला दाखवायची, बाकी अक्कल चालवायची नाही. हिशोब ठेवतं लिनक्सचं एमडी, किंवा झेडएफएससारखी फाइल सिस्टिम. वहीची लिपी जाहीर असते. मदरबोर्ड जळला, कार्ड जळलं, काहीही झालं तरी डिस्क दुसऱ्या लिनक्स मशीनला लावायच्या आणि सिस्टिम त्या ओळखते. वायरींचा क्रम बदलला तरी फरक पडत नाही, कारण प्रत्येक डिस्कवर तिची ओळख लिहिलेली असते. सिनॉलॉजीचे घरगुती नॅससुद्धा आतून लिनक्सचं एमडी आणि एलव्हीएमच वापरतात. म्हणूनच त्यांचा बॉक्स मेला तरी उबुंटू टाकलेल्या पीसीवर डिस्क लावून डेटा काढायची पद्धत कंपनी स्वतःच सांगते.

मग हार्डवेअर रेड वाईट आहे का? नाही. मोठ्या ऑफिसात, जिथे त्याच मॉडेलचं दुसरं कार्ड कपाटात ठेवलेलं असतं आणि बॅटरी वेळेवर बदलली जाते, तिथे ते वर्षानुवर्षं छान चालतं. आपल्या घरात किंवा छोट्या स्टुडिओत ते कपाटातलं दुसरं कार्ड नसतं. अडचण तिथे आहे.

तर दादांना काय सांगितलं? एक, डिस्कवर स्टिकर लावा : कुठली डिस्क कार्डाच्या कुठल्या पोर्टला होती. दोन, काहीही लिहू नका, रिपेअर नको, फॉरमॅट नको. तीन, शक्य असेल तर आधी प्रत्येक डिस्कची हुबेहूब कॉपी दुसऱ्या डिस्कवर काढा आणि प्रयोग कॉपीवरच करा. चार, त्याच मॉडेलचं किंवा त्याच घराण्यातलं कार्ड शोधा, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन जुन्या मालात. ते लावल्यावर कार्ड विचारतं, 'परक्या डिस्क दिसतायत, त्यांची रचना इम्पोर्ट करू की क्लिअर करू?' तिथे इम्पोर्ट. क्लिअरला हात लावायचा नाही, आणि नवीन ॲरे बनवायचा तर नाहीच. पाच, हे जमणार नाही असं वाटत असेल तर थांबा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे डिस्क जशाच्या तशा द्या. लिनक्सला काही ठरावीक कार्डांची लिपी वाचता येते, पण सगळ्यांची नाही, त्यामुळे तोही प्रयोग कॉपीवरच.

मग घ्यायचं काय?

डिस्क कमी असतील, चार ते सहा, तर मदरबोर्डवरचे साटा पोर्टच सगळ्यात उत्तम. साधे आणि भरवशाचे. बायोसमध्ये मोड एएचसीआय ठेवा, 'रेड' नको.

जास्त डिस्क असतील तर एचबीए, म्हणजे होस्ट बस ॲडॅप्टर. हौशी लोकांचं आवडतं जुनं कार्ड म्हणजे एलएसआयचं ९२११-८आय. दोन कनेक्टर, प्रत्येकातून ४ वायरी, एकूण ८ डिस्क. अशी कार्डं जुन्या सर्व्हरमधून निघून स्वस्तात मिळतात. यांवर दोन प्रकारचं फर्मवेअर चालतं. 'आयआर'मध्ये कार्ड स्वतः रेड करतं, 'आयटी'मध्ये ते निव्वळ पोस्टमन होतं. आपल्याला आयटी मोड हवा. विकणाऱ्याला हे विचारून घ्या. आणि ही कार्डं सर्व्हरच्या जोरदार हवेसाठी बनलेली असतात. घरच्या शांत कॅबिनेटमध्ये ती चटके बसतील इतकी तापतात, म्हणून हीटसिंकवर छोटा पंखा लावा. आपल्या एप्रिल-मेमध्ये तर लावाच.

झेडएफएस वापरणार असाल तर साधा कंट्रोलर जवळजवळ अटच आहे. झेडएफएस प्रत्येक तुकड्यासोबत त्याचा चेकसम ठेवतं आणि वाचताना तपासतं. बिघडलेला तुकडा सापडला तर दुसऱ्या डिस्कवरून दुरुस्त करतं. मध्ये रेड कार्ड बसलं की झेडएफएसला एकच खोटी डिस्क दिसते. बिघाड कळतो, पण दुरुस्त करायला दुसरी प्रत त्याच्या हातात नसते.

डिस्क आणि कंट्रोलरचं आपसात जमणंही महत्त्वाचं. साधी डेस्कटॉप डिस्क एखादा सेक्टर वाचता आला नाही तर मिनिटभर किंवा जास्त प्रयत्न करत बसते. तोवर रेड कार्डाला वाटतं ही मेली, आणि ते तिला बाहेर काढतं. नॅससाठीच्या डिस्क साधारण ७ सेकंदांत हात वर करतात, 'हे मला जमत नाही, दुसऱ्याकडून घे.' तसंच एसएमआर प्रकारच्या डिस्क टाळा. त्यात डेटाच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. मधलं एक कौल बदलायचं तर पुढची सगळी उचलावी लागतात, आणि रिबिल्डच्या वेळी हे फार जड जातं. एप्रिल २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठीच्या रेड मालिकेत, २ ते ६ टीबीच्या काही मॉडेलमध्ये, अशा डिस्क असल्याचं उघड झालं आणि बराच गदारोळ झाला. त्यानंतर कंपनीने सीएमआर डिस्क 'रेड प्लस' नावाने वेगळ्या केल्या. तुम्हाला सीएमआरच हवी.

यूएसबीचा बॉक्स लावून नॅस करणाऱ्यांसाठी : त्या बॉक्सच्या आतही एक कंट्रोलर असतो, यूएसबीचं साटा करणारी ब्रिज चिप. काही चिप डिस्कची स्मार्ट माहिती पुढे जाऊच देत नाहीत. काही एक्सटर्नल डिस्कमध्ये ही चिप पासवर्ड नसतानाही डेटा एनक्रिप्ट करून लिहिते. चिप गेली की डिस्क काढून थेट साटाला लावली तरी आत फक्त कचरा दिसतो. म्हणजे पुन्हा तोच दुसरा प्रश्न, हे गेलं तर माझा डेटा कोण वाचणार?

लाईट गेली तर?

रेड ५ मध्ये एक फाइल लिहिताना डेटा आणि पॅरिटी दोन्ही लिहावं लागतं. मध्येच लाईट गेली तर एक लिहिलेलं, दुसरं नाही, अशी अवस्था होते. हार्डवेअर कार्डावरची बॅटरी यासाठीच असते. ती मेली की बहुतेक कार्डं सुरक्षित पण संथ मोडवर जातात, आणि आपल्याला वाटतं नॅस अचानक स्लो का झाला. झेडएफएस जुना डेटा न पुसता नव्या जागी लिहितं, त्यामुळे ते या सापळ्यात अडकत नाही.

तरी यूपीएस हवाच. आणि नुसता पॉवरसाठी नको, त्याची यूएसबी वायर नॅसला जोडा. त्या वायरीतून यूपीएस नॅसला सांगतो की लाईट गेलीय, बॅटरी संपत आलीय, आणि नॅस स्वतः नीट बंद होतो. बऱ्याच घरांत यूपीएस असतो, पण ही वायर बॉक्समध्येच पडून असते. इन्व्हर्टर असला तरी नॅसला हा निरोप तो देत नाही.

तुमचे प्रश्न

'जुन्या बाजारात सॅस डिस्क स्वस्त मिळतात, घेऊ का?' सॅसची डिस्क साध्या मदरबोर्डच्या साटा पोर्टला लागत नाही, कनेक्टरमधली खाच मुद्दाम बुजवलेली असते. सॅस कंट्रोलरला मात्र साटा डिस्क चालते. म्हणजे आधी सॅस एचबीए, मग सॅस डिस्क. वीज आणि आवाज दोन्ही जास्त, हेही धरून चाला.

'एक्सटर्नलमधून काढलेली डिस्क नॅसमध्ये लावली तर फिरतच नाही, मेली का?' बहुतेक नाही. काही नव्या डिस्कमध्ये पॉवर कनेक्टरची तिसरी पिन डिस्क बंद ठेवायला वापरतात. जुने पॉवर सप्लाय त्या पिनवर ३.३ व्होल्ट देतात आणि डिस्क झोपूनच राहते. ज्या बॅकप्लेनमध्ये किंवा वायरीत ३.३ व्होल्टची लाइन नाही, तिथे ती चालते.

'रेड आहे, मग बॅकअप कशाला?' रेड डिस्क मेल्यावर वाचवतं. चुकून डिलीट झालं, व्हायरस आला, चोरी झाली, वरच्या मजल्यावरून पाणी गळलं, यात रेड काहीच करत नाही. डिलीट तर ते चारही डिस्कवर इमानदारीने करतं. जे परत मिळणार नाही, लग्नाचे फोटो, आजीचा आवाज, क्लायंटचं काम, त्याची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर आणि एक प्रत घराबाहेर हवीच.

आज एकच काम करा. घरी, ऑफिसात, मित्राकडे, जिथे नॅस असेल तिथे एका कागदावर पाच गोष्टी लिहा : कंट्रोलर कुठला, रेड कार्ड करतंय की सॉफ्टवेअर, कुठली डिस्क कुठल्या पोर्टला, लिंक स्पीड किती, आणि १९९ नंबरचा आकडा किती. तो कागद नॅसच्या बॉक्सवरच चिकटवा. फोनमध्ये फोटो काढून ठेवा, पण तो फोटो फक्त नॅसवर ठेवू नका म्हणजे झालं!

काही अडलं तर व्हॉइस नोट पाठवा, आणि ओके दाबायच्या आधी पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, डेटाचीही.